अपुऱ्या मंडळींना टेबल नाही

तीर्थरूप आक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद द्यायला उठू नकोस, बसल्या जागेवरून दिलास तरी चालेल. गुडघ्यांचा विषय पुढे येणारच आहे.) भावोजींनाही नमस्कार. हे पत्र तुझ्याआधी तेच फोडणार आणि चष्मा पुसून मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना वेगळं लिहीत नाही. भावोजी, सगळं वाचा, फक्त कंसातलं वाचू नका.

तर आक्का, तुझे गुडघे कसे आहेत? पत्राच्या सुरुवातीला काहीतरी विचारायचं म्हणून विचारत नाहीये, मला खरं उत्तर हवंय. गेल्या खेपेला मी बोलावलं तेव्हा तुला पायरी चढवत नव्हती, आणि त्याच आठवड्यात तू शेजारणीला घेऊन पडद्यांच्या कापडासाठी सगळा बाजार पालथा घातलास. मला कसं कळलं ते विचारू नकोस. (भावोजींनी सांगितलं.) तुझ्या दुखण्यावर माझा अविश्वास आहे असं नाही, पण तुझे गुडघे आधी पाहुणे कोण ते बघतात आणि मग दुखायचं की नाही ते ठरवतात, असं माझं बरीच वर्षं मत आहे.

आता मुद्द्याचं. माझ्या चिमीचं लग्न ठरतंय. किंवा मोडतंय. मी हे लिहितोय तोवर दोन्हीपैकी काहीही होऊ शकतं. सगळं सुरळीत व्हायचं होतं, पण मधे माशी शिंकली, आणि ती माशी मी होतो. चिमी तुला फोन करून तिच्या बाजूने सगळं सांगणारच, आणि तिच्या सांगण्यात तुझा भाऊ राक्षस दिसणार. म्हणून आधी माझ्याकडून ऐक आणि मग काय तो न्याय कर. ज्या मंडळींना मी दारात उभं करून ठेवलं ते चिमीचे होणारे सासू-सासरे होते, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुला धक्का बसायला नको. मला बसला तेवढा पुरे.

हा मुलगा चिमीने माझ्यापासून लपवून का ठेवला, असं तू विचारशील. (विचारशील ना? का तुला आधीच माहीत आहे? यावर मी नंतर येतो.) कारण आधीच्या दोघांचं काय झालं ते तिच्या मनात बसलंय. पहिला घरी आला तेव्हा मी त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं. यात काय वाईट, सांग. आपण बँकेत गेलो तर दाखवतोच की, आणि बँकेत आपण नुसती पासबुकं भरून घेतो, कुणाची मुलगी मागत नाही. दुसऱ्याच्या मागे मी त्याच्या ऑफिसपर्यंत गेलो, तेही एकदाच. चिमी दोनदा म्हणते. दुसऱ्यांदा मी माझ्या कामाला चाललो होतो आणि तोच माझ्या पुढे चालत होता. तर ते दोघेही आपणहून गळले, आणि मला तर अजून वाटतं की ज्यांच्या मनात काही काळंबेरं नसतं ते एवढ्यावर गळत नाहीत. पण चिमीची आई गेल्यापासून पोरीला घरात दुसरं कुणी बोलायला नाही, ती माझ्याशी महिनाभर हो-नाहीपलीकडे बोलली नाही, आणि ते मला फार जड गेलं. म्हणून या खेपेला तिने ठरवलं की मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घरी न आणता थेट माझ्या हॉटेलातच आणायचं. तिचं म्हणणं असं की निदान तिथे तरी बाबा माणसांना या-बसा म्हणतात.

आता इथे माझ्या कामाचं थोडं सांगावं लागेल, कारण तू तुमच्या इमारतीत मी हॉटेलात मॅनेजर आहे असं सांगतेस आणि तुझे दीर मी वॉचमन आहे असं सांगतात. दोन्ही खोटं. आत शिरल्या शिरल्या जे उंच, अरुंद मेज असतं त्याच्यामागे मी उभा राहतो, येणाऱ्याला नमस्कार करतो, किती जण ते विचारतो आणि कुणाला कुठे बसवायचं ते ठरवतो. दिसायला एवढंच. पण माणूस दार ढकलून आत पाऊल टाकतो तेवढ्यात मला कळायला लागतं की हा एका वाटी सूपवर अख्खी संध्याकाळ काढणार, किंवा ही जोडी आत्ताच गाडीत भांडून आलीय, यांना भिंतीकडे तोंड करून बसवलेलं बरं. याआधीची वर्षं मी कापडाच्या दुकानात कपडे घालून बघायच्या खोल्यांबाहेर उभं राहून काढली, आत गेलेला माणूस बाहेर येताना जरा जाडसर दिसतोय का हे बघण्यात. ती नजर इथे फार कामाला येते. आमचे मालक मात्र म्हणतात की तुमच्या चेहऱ्यावर स्वागत कमी आणि चौकशी जास्त दिसते. मालकांना काय, ते मागच्या दाराने येतात.

आमच्याकडे एक टेबल स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून आहे. दार दोन्हीकडे उघडतं आणि उघडताना त्या टेबलाच्या एका खुर्चीला ढुशी मारतं. हात धुवायला जाणारे सगळे तिथूनच जातात. ज्या गिऱ्हाइकाबद्दल माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते त्याला मी तिथे बसवतो. वेटर लोक त्या टेबलाला कोठडी म्हणतात. आणि खिडकीपाशी एक गोल टेबल आहे, पाच खुर्च्यांचं, तिथून रस्त्यावरचे दिवे दिसतात, कुणाच्या कोपराला कोपर लागत नाही. ते मी जपून ठेवतो. ते नीट दिसणाऱ्या, नीट वागणाऱ्या आणि मुख्य म्हणजे पुऱ्या मंडळींना द्यायचं.

पुऱ्या म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आमचा नियम आहे की जितक्यांचं टेबल सांगितलं तितके सगळे आल्याशिवाय कुणालाही बसवायचं नाही. लोकांना हा नियम दुष्टपणाचा वाटतो. अगं, पण लोक काय करतात? दोघं येतात, पाच जण आहोत म्हणतात, मोठं टेबल अडवतात, पुढ्यातले पाव चघळत पाणी पितात, आणि बाकीचे तिघं कधी येतच नाहीत. कारण ते मुळात जन्मालाच आलेले नसतात! मग विचारलं की म्हणायचं, त्यांचं अचानक रद्द झालं हो. न आलेल्या माणसांबद्दल मी इतकं ऐकलंय की काय सांगू. तो गाडी लावतोय, ती कोपऱ्यावर आलीय, ते आत्ता फोनवर बोलत होते, आणि सगळ्यांत नेहमीचं म्हणजे तो इथेच आहे. कुठे इथेच आहे? मला तर दिसत नाही.

त्यात हल्ली मालकांच्या डोक्यात एक यंत्र शिरलंय. दारात एक पडदा लावायचा, माणसांनी येऊन त्यावर बोट ठेवायचं, किती जण ते दाबायचं आणि त्याने नंबर द्यायचा. मग माझ्यासारख्याला दारात उभं करायची गरज काय? हे मला कुणी तोंडावर सांगितलेलं नाही, पण मालकांनी एकदा माझ्या मेजाची लांबी-रुंदी पट्टीने मोजली, ती काय मेजपोस शिवायला? तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून उभा असतो. कारण अशा वेळी मालक काय करतात, तर गिऱ्हाईक बनवून आपला माणूस पाठवतात. तो येऊन नियम मोडायला लावतो, आपण मोडला की झालं, दुसऱ्या दिवशी घरी.

आणि त्या दिवशी नेमकं काय झालं बघ. दुपारी मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या की आज तो जुना कोट नको, चांगला इस्त्रीचा घाला. बारा महिने त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, संध्याकाळी पाच खास पाहुणे आहेत, गोल टेबल ठेवा. कोण पाहुणे विचारलं तर हसल्या. आणि वर म्हणाल्या की पाहुणे आले की आपली उंच वेट्रेस थोडा वेळ दार सांभाळेल. आक्का, ऐकलंस? ज्या पोरीला मी मेनूकार्ड कुठल्या हातात धरायचं ते शिकवलं, ती माझ्या जागी! आणि ती पोरगी मला बघून हसत होती. चिडवल्यासारखं नाही, प्रेमाने हसत होती, म्हणजे तर नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

संध्याकाळ झाली. पाहुण्यांच्या वेळेच्या बऱ्याच आधी एक बाई आणि एक गृहस्थ आत आले. गृहस्थ गोल, शांत, आल्या आल्या त्यांची नजर पावांच्या टोपलीवर गेली ती तिथेच राहिली. (यांचं सगळी संध्याकाळ तेवढंच काम होतं.) बाई मात्र वेगळ्या. उंच, ताठ, पर्स पोटाशी धरलेली, आणि त्यांनी आधी दाराची बिजागरी पाहिली, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, आणि मग मला पाहिलं, बुटांपासून वर. आजवर लोकांना असं मीच पाहत आलोय. मला कुणी पाहिलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आला मालकांचा माणूस, आणि तोही बाईमाणूस पाठवलाय.

मी नमस्कार केला, किती जण विचारलं. पाच, म्हणाल्या, खिडकीपाशचं टेबल सांगितलेलं आहे. मी त्यांच्या मागे पाहिलं, कुणी नाही. म्हटलं, बाकीचे आले की लगेच बसवतो, तोवर बाकावर बसा. बाई म्हणाल्या की मुलगा गाडी लावतोय, एक मुलगी कामावरून थेट येतेय, आणि पाचवे इथेच आहेत. घ्या! तिन्ही सबबी एका दमात. मी इतका थंडपणे मान हलवली की गृहस्थ घाबरून बाकावर जाऊन बसले. बाई बसल्या नाहीत. त्या माझ्या मेजाशी उभ्या राहिल्या आणि विचारायला लागल्या. इथे किती वर्षं झाली? मी म्हटलं, झाली बरीच. काम आवडतं का? म्हटलं, कामासारखं काम आहे. राग येतो का हो कधी लोकांचा? म्हटलं, कामावर नाही. मग घरी येत असेल? आता सांग, कुठलं गिऱ्हाईक असं विचारतं? मी म्हटलं, घरचं घरी. घरी कोण कोण असतं? इथे मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं की ते सांगायची मला परवानगी नाही. कुणाची परवानगी, हे त्यांनी विचारलं नाही, नाहीतर माझी भंबेरी उडाली असती.

एवढ्यात मुलगा आला. तो बाहेर जायच्या दाराने आत आला, म्हणून मी त्याला परत बाहेर पाठवलं आणि आत यायच्या दाराने यायला लावलं. तो हसत हसत गेला आणि हसत हसत आला. त्याच्या बाहीला काळं ग्रीस लागलेलं होतं. (लिफ्ट दुरुस्त करतो तो. ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी म्हटलं, खास पाहुणा म्हणे, आणि बाहीला ग्रीस.) तो माझ्याकडे बघून सारखा काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि आईने बघितलं की मिटायचा. मी म्हटलं, तीन झाले, दोन राहिले. बाई म्हणाल्या, एक. मी म्हटलं, दोन. बाई परत म्हणाल्या, एकच राहिलीय, पाचवे आलेले आहेत, त्यांना फक्त अजून ठाऊक नाही. आक्का, इतक्या वर्षांत न आलेल्या माणसांच्या शेकडो कहाण्या ऐकल्या, पण आलेला आहे आणि त्याला ठाऊक नाही, ही पहिल्यांदाच ऐकली. मी मनातल्या मनात बाईंना दाद दिली आणि तोंडाने सांगितलं की ज्यांना आपण आलोय हे ठाऊक नाही त्यांना मी बसवू शकत नाही.

आणि मग मी ते केलं, जे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. दारातून पाच जणांचं एक कुटुंब आत आलं, आजी, आईबाप, दोन पोरं. पाचच्या पाच, एका वेळी, एकाच दाराने. असं दृश्य आमच्या धंद्यात फार क्वचित बघायला मिळतं. मला इतकं भरून आलं की मी बाईंकडे एकदा नीट पाहिलं, मेनूकार्डं उचलली, आणि त्या कुटुंबाला नेऊन खिडकीपाशच्या गोल टेबलावर बसवलं. आजींची खुर्ची मी स्वतः ओढून दिली. परत आलो तेव्हा गृहस्थ बाकावरून अर्धे उठले होते, मुलाचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं, आणि बाई मात्र माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू त्यांना हवं ते उत्तर मिळालं. मॅनेजरबाई आतून धावत आल्या आणि त्यांनी डोक्याला हात लावला. मला वाटलं, आपण जिंकलो.

तेवढ्यात दार उघडलं आणि आपली चिमी आत आली. चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून थेट आलेली, केस विस्कटलेले, पण ओठांना रंग लावलेला. मला वाटलं घरी काही झालं. तिने आधी बाईंना वाकून नमस्कार केला, मग बाकावरच्या गृहस्थांना केला, मग त्या ग्रीसवाल्याकडे असं बघितलं की मला एका क्षणात सगळं समजलं. म्हणजे सगळं नाही, निम्मं समजलं. ती म्हणाली, बाबा, हे सगळे उभे का आहेत? मी अजूनही ड्युटीवर होतो ना, माझ्या तोंडून नियमच बाहेर पडला. म्हटलं, मंडळी अपुरी आहेत, चारच झाले, एक जण अजून आलेला नाही.

चिमी म्हणाली, "बाबा, तो एक जण तुम्ही."

आक्का, मी चौघांना मोजलं. मग परत मोजलं, कारण सवय. चारच होते, आणि पाचवा त्या मेजामागे इस्त्रीचा कोट घालून उभा होता. उंच वेट्रेसने येऊन माझ्या हातातली मेनूकार्डं काढून घेतली, ती पण तिला ओढून घ्यावी लागली. चिमीने मॅनेजरबाईंना महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं की एक संध्याकाळ माझ्या बाबांना दारातून सोडवा, त्यांना मला गोल टेबलावर बसवायचंय. लहानपणी ती माझा डबा द्यायला यायची तेव्हा मी तिला मागच्या दाराशी थांबवायचो, कारण मुलांना नुसतं बसू द्यायचा नियम नव्हता. तेव्हापासून ती त्या खिडकीकडे बघायची म्हणे. मला कधी सांगितलं नाही. आणि मी त्या टेबलावर काय केलं होतं? एका परक्या आजीबाईंची खुर्ची ओढून दिली होती.

दुसरं कुठलंच पाचांचं टेबल मोकळं नव्हतं. म्हणजे एक होतं. कोठडी. आम्ही सगळे जाऊन तिथे बसलो, आणि ढुशीच्या खुर्चीवर मी बसलो, एवढी तरी अक्कल मला शिल्लक होती. इतक्या वर्षांत तिथल्या एकाही खुर्चीवर मी बसलेलो नव्हतो. बसवणारा बसत नाही. बसल्यावर पहिल्यांदा कळलं की त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, दार पाठीला नाही तर डोक्याला लागतं, आणि तिथून पुढचं दार अगदी समोर दिसतं. उंच वेट्रेस माझ्या जागी उभी राहून प्रत्येक येणाऱ्याकडे बघून हसत होती आणि लोकही तिच्याकडे बघून हसत होते. मी चिमीकडे पाहिलं तर ती खिडकीकडे बघत होती. तिने लगेच नजर वळवली, मला दिसू नये म्हणून. पण माझी नजर तुला माहीत आहे, मला सगळं दिसतं, फक्त वेळेवर दिसत नाही. मला रडू आलं आक्का. मी मेनूकार्ड तोंडापुढे धरलं आणि सूप कुठलं आहे ते वाचत बसलो, जसं काही मला पाठ नाही.

बाईंनी मला सावरायला वेळ दिला आणि मग स्वतःबद्दल सांगितलं. त्या इन्स्पेक्टर होत्या. खरोखरच्या! दुकानांतले तराजू आणि वजनं तपासायचं सरकारी खातं असतं ना, त्यात त्यांनी जन्म काढला. दुकानदाराला आपण कोण ते न सांगता साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, माल घ्यायचा आणि बाहेर येऊन वजन करायचं, ही त्यांची पद्धत. चिमीने फोटो दाखवला होता, माझा चेहरा त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता, आणि मुद्दामच त्या पोरीच्या आधी आल्या होत्या, मुलीचा बाप ओळख नसताना कसा वागतो ते बघायला. म्हणजे बघ, मला तपासायला कुणीतरी पाठवलंय हा माझा संशय शंभर टक्के बरोबर होता. फक्त कुणी पाठवलं तेवढं चुकलं. हे मी चिमीला दोन-तीनदा सांगून पाहिलं, पण तिला त्याचं कौतुक नाही.

मग निकाल काय, हे तू विचारशील. निकाल राखून ठेवलाय. बाई म्हणाल्या की माणूस खडूस आहे पण वजनात खोटा नाही, मी इतकं गोड बोलले तरी एक खुर्ची त्याने जास्त दिली नाही. गृहस्थांनी मान हलवली. (तोंडात पाव होता.) मुलगा बरा वाटला. दार तिसऱ्यांदा माझ्या डोक्याला लागलं तेव्हा तो न बोलता उठला, खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून बिजागरीचा स्क्रू पिळला, आणि दार हळू झालं. हॉटेलात जेवायला येताना स्क्रूड्रायव्हर घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल काय समजायचं यावर मी अजून विचार करतोय, पण डोकं दुखायचं थांबलं हे खरं. बाईंची अडचण मात्र वेगळी आहे. त्यांचं म्हणणं, मुलगी चांगली आहे, बाप जसा आहे तसा आहे, पण यांच्या घरात मोठं असं कुणी बाईमाणूस आहे का, ज्याच्याशी चार शहाणपणाच्या गोष्टी बोलता येतील? त्यांनी आम्हाला येत्या महिन्यात त्यांच्या घरी जेवायला बोलावलंय, आणि ठरायचं ते तिथे ठरेल.

तर हे असं आहे. माझी नोकरी आहे तशी आहे, यंत्राचं काही कळत नाही. (मेज मालकांनी कशासाठी मोजलं ते कळलं. त्यांना खरंच मेजपोस शिवायचा होता. हिरव्या रंगाचा आहे. मला पसंत नाही.) चिमी माझ्याशी बोलते, पण जेवताना माझ्यासमोर न बसता बाजूला बसते, म्हणजे अजून पूर्ण निवळलेलं नाही. तब्येतीला जप, पथ्य पाळ, भावोजींना माझा परत नमस्कार.

तुझा,
दारावरचा भाऊ

ता. क. पत्र वाचून बाजूला ठेवू नकोस, खरं कारण आता येतंय. त्या बाईंनी निघताना विचारलं की तुम्ही किती जण याल. माझ्या तोंडून निघून गेलं, तिघं. मी, चिमी आणि माझी मोठी बहीण. तुला न विचारता सांगितलं, चुकलो, पण दुसरं कोण आहे मला सांग? यावर बाई दारात थांबल्या, मघासारखं बुटांपासून वर मला पाहिलं आणि म्हणाल्या की तिघं म्हणजे तिघं, अपुरे आलात तर आमच्याकडेही बाहेर बाक आहे. त्या हसत होत्या की नाही ते मला कळलं नाही. मला, आक्का, ज्याला माणसाचा चेहरा वाचता येतो त्याला कळलं नाही. तेव्हा तू यायचंच. पोरीचं लग्न तुझ्या गुडघ्यांवर उभं आहे. त्यांच्या घराला लिफ्ट आहे आणि ती चालू आहे याची मी मुलाकडून खात्री करून घेतली आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार होतो तेवढ्यात एक गोष्ट आठवली आणि परत बसलो. जेवताना त्या बाई हसून म्हणाल्या की लहानपणी घरी फोटोग्राफर आला तेव्हा तुम्ही त्याच्या काळ्या कापडाखाली कोण लपलंय ते बघायला शिरला होतात ना? सगळे हसले, मीही हसलो. पण ही गोष्ट चिमीला माहीत नाही. चिमीच्या आईलाही मी कधी सांगितली नव्हती. त्या खोलीत त्या दिवशी जे होते त्यांतले आज दोघंच उरलेत, एक मी आणि एक तू. म्हणजे तू त्या बाईंशी आधीच बोलली आहेस. एकदा नाही, बऱ्याचदा, कारण असल्या गोष्टी पहिल्याच फोनवर निघत नाहीत. म्हणजे मॅनेजरबाईंना कोटाचं सुचवणारी कोण, आणि मुळात हे स्थळ आणणारी कोण, हे सगळं आता मला लख्ख दिसायला लागलंय. मी इतकी पानं खरडून तुला जे सांगितलं ते तुला सगळं माहीत होतं. पुढच्या महिन्याच्या जेवणाचं आमंत्रण तुला माझ्याआधी मिळालं असणार आणि तू हो म्हणून मोकळी झाली असणार. तुझे गुडघे आत्तापर्यंत चांगले बरे झाले असतील असा माझा दाट संशय आहे. तरी ये. संशयाने का होईना, वाट बघतो.

ता. क. तिसरा, भावोजींसाठी. भावोजी, कंसातलं तुम्ही वाचलंत हे मला इथे बसून कळतंय. जेवण चांगलं असणार, बाई सांगत होत्या. पण आम्ही तिघं सांगितलेत. चौथा माणूस आला तर त्याला बाकावर बसावं लागेल, आणि मी मधे पडणार नाही.